दीडवाल्या बाई

लग्नाच्या पंगतीत सोलकढीची वाटी आली की लोक ती तोंडाला लावतात. माझी आत्या आधी तिच्यात मीटर बुडवायची. गळ्यात एक चष्म्याची साखळी आणि दुसरी काळी दोरी, त्या दोरीला जाड पेनासारखा दिसणारा हा मीटर. पाण्यात विरघळलेलं जे काही असेल ते किती आहे, त्याचा आकडा तो दाखवतो. सोलकढीत तो हात टेकायचा आणि आकड्याऐवजी नुसत्या रेघा दाखवायचा. आत्याला त्याचंही कौतुक. "बघ गो, त्याच्या आवाक्याबाहेर गेलं," असं म्हणून ती मीटर ग्लासातल्या पाण्यात विसळायची, पदराला पुसायची आणि मग जेवायला लागायची. शेजारी बसलेली मी पानात डोकं खुपसून भात कालवत राहायचे.

आत्या आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. रसायनांशी तिचा संबंध हळद-मिठापुरता. लग्न केलं नाही, गावातल्या घरी एकटी राहायची. आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला, आणि आजोबांच्या नावावर जी जमीन होती ती म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाचा उघडा कातळ, पायथ्याशी एक विहीर. बाकी गावाच्या हापूसच्या बागा आणि आमचा हा जांभा दगड. त्यावर पावसाळ्यात गवत आणि इतर वेळी ऊन, एवढंच पीक यायचं. मग कधीतरी आत्याने मोबाइलवर मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढणारी भाजी पाहिली. मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला कंपनीत कामावर होते, तिथे तिचा फोन आला.

"अगो, माती लागतच नाय. आपल्याला नव्हती तेच बरं झालं."

तिचा आवाज असा होता की मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

महिन्याभरात कातळावर हिरवी जाळी उभी राहिली. तिच्याखाली भोकं पाडलेले पांढरे पाइप, भोकांत नारळाच्या सोडणाचा चुरा भरलेले प्लास्टिकचे पेले आणि पेल्यांत रोपं. टाकी विहिरीच्या पाण्याने भरायची, ते पाणी पंपाने पाइपातून फिरायचं आणि परत टाकीत यायचं. खत त्या टाकीतच मिसळायचं. कमी पडलं तर रोप उपाशी, जास्त झालं तर मुळं करपणार. पालेभाजीला आकडा हवा दीड. रोज सकाळी आत्या टाकीत मीटर बुडवायची, मोठ्याने "दीड" म्हणायची आणि विचारायची, "चालेल?" समोर जो असेल त्याने "चालेल" म्हणायचं, असा नियमच होता. समोर कुणी नसलं तर ती पालकाला विचारायची. वाडीत तिचं नाव पडलं दीडवाल्या बाई. पालक, लाल माठ आणि लेट्यूस, तिच्या भाषेत 'हॉटेलवाल्यांचा पाला', असा माल रत्नागिरीत जायला लागला, तेव्हा नाव ठेवणारेच रोपं बघायला यायला लागले. त्यांच्या घरी ती गेली की चहात मीटर बुडायचा. मी एकदा म्हटलं, अगं, चव घेऊन कळत नाही का? तर म्हणाली, "जीभ लबाड असते. सवय झाली की तिला काहीपण बरं लागतं. आकडा बघायचा."

थोरल्या काकांना मात्र यातलं काही पटत नव्हतं. काका मुंबईला, माझे बाबाही तिथेच आणि बाबा काकांच्या शब्दाबाहेर नव्हते. कातळावरून खाडी फार सुंदर दिसते म्हणून एक रिसॉर्टवाला मागे लागला होता. काकांचं मन तयार होतं, फक्त आत्याची सही अडली होती. शेवटी ती म्हणाली, "दादा, मे महिन्यात येशील तेव्हा डोळ्यांनी बघ. पाला उभा नसला तर तू म्हणशील तिथे सही करते." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, आता बघच. इतकी खूश होती, जणू सही काकांनीच करायची होती.

एप्रिल संपता संपता ती आणखी खूश झाली. टाकीत नवं पाणी भरलं की आकडा चटकन वर जायचा, खत निम्मंसुद्धा लागत नव्हतं. मग पालकाची खालची पानं पिवळी पडायला लागली. मागोमाग माठही मलूल झाला. मीटर दीड दाखवत होता. तिने त्याच्या बॅटऱ्या बदलल्या. ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं तपासणीचं पाणी मी आणून दिलं, त्यातही मीटर बिनचूक निघाला. आता मात्र ती "आकडा बरोबर आहे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. मला तिची काळजी वाटायला लागली, आणि काका-काकू तर गाडीने निघालेही होते.

ते आले त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. काकूला इथलं काय ठाऊक, तिने विहिरीच्या पाण्याचा चहा टाकला. काकांनी एक घोट घेतला आणि आत्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"बाय, चहात मीठ घातलंस काय गो?"

आत्याने त्यांच्या हातातला कप घेतला, स्वतः एक घोट प्यायली आणि कप तसाच हातात घेऊन चालायला लागली. आम्ही सगळे मागोमाग. ती थेट विहिरीवर गेली, बादलीभर पाणी काढलं आणि खत न घातलेल्या त्या नुसत्या पाण्यात मीटर बुडवला.

"जवळजवळ एक," ती म्हणाली आणि कठड्यावर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली की खाडीचं पाणी आत शिरतं आणि विहीर मचूळ होते. मीटरला मीठ काय आणि खत काय, तो दोन्ही एकत्रच मोजतो. दीडमधला एक मिठाचा होता आणि रोपं उरलेल्या अर्ध्यावर जगत होती.

"गावभर चहात मीटर बुडवत फिरले," आत्या म्हणाली, "आणि आपल्या विहिरीत पावसाळ्यानंतर एकदा नाय बुडवला. आई वैशाखात ह्या विहिरीचं पाणी भरायची नाय, ते कशी विसरले रे दादा? आकडा खोटा नव्हता. कशाचा आहे ते मी विचारलंच नाय."

"वरच्या विहिरीवरनं आणायची," काका म्हणाले. "मी असायचो तिच्याबरोबर. कळशी घेऊन." मग त्यांनी विचारलं, "ती विहीर आहे अजून?"

पुढचे दिवस आठवले की मला अजून स्फुरण चढतं. सही घ्यायला आलेल्या काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाडीच्या डिकीत कॅन भरभरून वरच्या विहिरीचं गोडं पाणी आणलं. टाकी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरली. आत्या खत मिसळत होती, काकू ढवळत होती. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी काका पालकासमोर उभे राहिले.

"खालची पानं अजून पिवळीच आहेत."

"ती आता सुधारायची नायत. मधली बघ."

मधून कोवळी, गर्द हिरवी पानं वर आली होती. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. तेवढ्यात रिसॉर्टवाल्याचा फोन आला. काकांनी तो घेतला आणि जागा द्यायची नाही असं सांगून टाकलं. पुढच्या पावसाळ्याआधी छपराचं पाणी साठवायला मोठी टाकीही त्यांनीच बांधून घेतली. आत्याची सकाळ त्यानंतर बदलली. आधी नुसतं पाणी जिभेवर, मग त्यात मीटर, मग खत.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली, झोपेतच. माणसं येत होती, हळू आवाजात जय भीम घालून बसत होती. चहा फिरला तेव्हा काका कुठे दिसेनात. मी कातळावर गेले. काळी दोरी त्यांच्या गळ्यात होती. त्यांनी साध्या पाण्याचा थेंब जिभेवर घेतला, मग त्यात मीटर बुडवला, मग खताच्या टाकीत.

"दीड," ते मोठ्याने म्हणाले.

पुढचं न विचारताच ते पाठमोरेच मीटर शर्टाला पुसायला लागले.

"चालेल," मी म्हणाले.