वीस मोजेपर्यंत

मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. सव्वीस वर्षं झाली. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मला कळतं, हा काय विचारणार. हातातली पिशवी, पायातल्या चपला, घड्याळाकडे टाकलेली नजर, बास. "फलाट चार, पावणेदोन. पुढचे." माझ्या डोक्यावर हा एवढा मोठा वेळापत्रकाचा फलक आहे, पण तो वाचायचे कष्ट कोण घेतो. एकानं विचारलं की दुसरा त्याच्यामागे उभा राहतो, रांग दिसली की तिसरा येतो, आणि शेवटच्याला तर आपण कशासाठी उभे आहोत हेही धड माहीत नसतं. स्थानकात मला 'पुढचे बाई' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं.

हे स्वतःचं पुराण लावलं ते अशासाठी, की मला सांगायचंय माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, आणि ती माझ्या अगदी उलट. माझं आयुष्य उत्तरं देण्यात गेलं, तिचं प्रश्न विचारण्यात.

थोरली लहानपणी बोलताना अडखळायची. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथंच त्याचं घोडं अडायचं. "आई, मला प... प..." की मी लगेच, "पाणी." मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पण तोंडाचा पट्टा तेव्हापासूनच चालू. पाणी, पेन्सिल, पांघरूण, दहातल्या नऊ वेळा मी बरोबर ओळखायचे. धाकटी किती चुणचुणीत म्हणून घरात माझं कौतुक व्हायचं. दहाव्या वेळी तिला पाणी नको असायचं, दुसरंच काही हवं असायचं. पण पेला पुढं आला की ती मुकाट्यानं पिऊन टाकायची. मला वाटायचं, मी तिला मदत करतेय. खरंच वाटायचं हो.

अशा मुलीनं नोकरी धरली ती घरोघर जाऊन माणसांशी बोलायची. लोकांच्या मनावरच्या ताणाची पाहणी करणारी एक संस्था होती, तिच्यात. बाबा हसले होते. पण त्यात गोम अशी, की प्रश्न छापलेले असायचे, आणि छापलेलं वाचताना थोरली कधीच अडखळायची नाही. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात फॉर्मचा गठ्ठा, परीक्षेला नेतात तसलं पॅड, टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि पाण्याची बाटली. दिवसाला सहा घरं. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे, पण चेहरा असा की हिला कुणीतरी काहीतरी देऊन पाठवलंय. एकदा जेवताना तिनं सांगितलं, एक गृहस्थ म्हणाले, मला कसलाच ताण नाही. आणि मग जरा वेळानं म्हणाले, मुलाची खोली दोन वर्षं उघडली नाही. एवढं सांगायला तिला अर्धी भाकरी लागली. मधले निम्मे शब्द मीच पुरवले.

पुढं बाबा गेले, आईनं अंथरूण धरलं आणि ती माझ्याकडे राहिली. चार वर्षं. थोरलीची पाहणी लांब लांबच्या गावांत चालायची, ती एक आड एक रविवारी यायची. आईजवळ बसायची, पाय चेपायची, आणि संध्याकाळची बस पकडायची. मी खिडकीतली नोकरी आणि घरातलं आजारपण दोन्ही रेटत होते. माझे दात दुखायला लागले. दातांचे डॉक्टर म्हणाले, दात चांगले आहेत, तुम्ही झोपेत ते आवळून धरता, ताण आहे. मी म्हटलं, ताण दोरीला असतो, मला औषध द्या.

आई गेली तेव्हा थोरली दूर होती. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर महिन्यानं, एका दुपारी, आम्ही दोघी आईचं कपाट आवरत होतो. थोरली हातातली शाल घडी करता करता थांबली आणि मला म्हणाली, "तुला माझा राग आला आहे का?" न अडखळता. छापलेलं वाचावं तसं.

"नाही," मी म्हटलं. त्याला अर्धा सेकंदही लागला नसेल.

राग होता. कशाचा ते सांगते पुढं, तेव्हा मला ते सांगायला तोंडच नव्हतं. थोरली काही बोलेना. नुसती माझ्याकडे बघत बसली. हात मांडीवर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकतोय. मला वाटलं, ही कंटाळली. मग वाटलं, नाही, ही मला तपासतेय. माझं डोकं सणकलं. "अशी काय बघतेस? मी काय तुझा फॉर्म आहे?"

तिनं तोंड उघडलं. "म... म..."

"कळलं. मला जायचंय म्हणणार. जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, शालीची उरलेली घडी घातली, ती कपाटात ठेवली आणि गेली.

तेव्हापासून सात वर्षं अबोला. अगदी अबोलाही म्हणता येणार नाही, कारण वर्षातून दोनदा तिचा फोन यायचा, माझ्या वाढदिवसाला आणि आई गेली त्या तारखेला. "बरी आहेस ना?" "बरी आहे." की मग पलीकडे सामसूम. मी तीन-चार सेकंद थांबायचे. माझ्या खिडकीत समोरचा तीन सेकंद गप्प बसला तर त्याचा अर्थ त्याचं काम झालं. मला वाटायचं, कर्तव्य उरकलं हिनं, आता बोलायला काही नाही. मी म्हणायचे, ठेवते. आणि ठेवायचे.

पण खरं सांगू? वाढदिवसाच्या आदल्या दिवसापासून फोन माझ्या हाताला लागेल असा असायचा. पोळ्या करताना ओट्यावर, अंघोळीला गेले तर दाराबाहेरच्या स्टुलावर. आणि एरवी खिडकीत बसल्या बसल्या, बसमधून खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली कुणी बाई उतरली की माझी मान आपोआप वाकडी व्हायची. सात वर्षांत अशा किती बायका उतरल्या. एकीच्याही पिशवीतून पॅड डोकावत नव्हतं. मला ती हवी होती. मदतीला नको, भांडायलाही नको. तिनं समोर बसून अर्ध्या भाकरीत एक वाक्य सांगावं, एवढंच हवं होतं. पण आधी बोलायचं कुणी? ती शिष्ट, मी मानी. असं मी म्हणायचे. माझ्या वाट्याला नेहमी बरा शब्द ठेवायचे.

गेल्या महिन्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दारात एक मुलगी उभी. खांद्याला कापडी पिशवी, हातात पॅड. ताणाची पाहणी करतेय म्हणाली, फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, अर्धा तास लागेल. दुसऱ्या कुणाला मी दारातूनच वाटेला लावलं असतं. पण ते पॅड पाहिलं आणि म्हटलं, ये बाई, बस.

प्रश्न सुरू झाले. गेल्या वर्षात घर बदललं का? जवळचं कुणी गेलं का? नोकरीत बढती मिळाली का?

"बढतीचाही ताण असतो?"

"हो, तिलाही गुण आहेत यात."

"मग मी नापास. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत आहे."

ती हसली. मग विचारलं, "शेजारीण समोरून आली. तुम्ही हसलात, ती हसली नाही. का बरं?"

"शिष्ट असेल."

"आता ती हसली आणि तुम्ही हसला नाहीत. का बरं?"

"अगं, माणसाच्या डोक्यात शंभर कामं असतात."

तिनं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली. मला ती उलटीकडून वाचता आली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

"जवळच्या कुणाबद्दल मनात राग आहे?"

"नाही."

मुलगी गप्प. पेन्सिल कागदावर ठेवलेली, नजर माझ्याकडे, रोखून नाही, साधीच. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीचं पाणी टपटपत होतं. मला गप्प बसणं सोसत नाही. "पुढचा प्रश्न विचार की," मी म्हटलं. तिनं नुसती मान हलवली. आणि माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मांडीवर हात, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकतोय.

आणि कसं कोण जाणे, मी बोलायला लागले.

आईचे शेवटचे अकरा दिवस. तिला पुसून काढत होते मी, कुशीवर वळवत होते मी, गोळ्या कुटून मधात कालवून चाटवत होते मी. आणि ती माझ्याकडे बघून हाक मारायची, "थोरले." पहिले दोन दिवस मी म्हटलं, आई, मी धाकटी. तिचा चेहरा पडायचा, ती दाराकडे बघत राहायची, घास घ्यायची नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली आणि मी ओ दिला. ती शांत झाली, जेवली. मग रोज तेच. थोरले. ओ. जाईपर्यंत तिनं मला माझ्या नावानं एकदासुद्धा हाक मारली नाही. आणि जिला मारत होती, तिला मी हे सांगितलं नाही. का सांगू? तिला न येता सगळं मिळालं होतं. आणि दुसरं असंही वाटायचं, की तो ओ माझा नव्हता, मी तिच्या वाटचा चोरला होता. हे सगळं मी एका अनोळखी पोरीला सांगितलं, माझ्याच घरात, रडत.

तिनं मधे एकही शब्द घातला नाही. डोळे पुसून झाल्यावर मीच विचारलं, "तू गप्प का बसली होतीस गं?"

"आम्हाला तसं शिकवलंय. 'नाही' आणि 'बरं आहे' ही उत्तरं लगेच लिहायची नाहीत. मनात वीस मोजायचे. पहिलं उत्तर लोक पाहुण्याला देतात, खरं त्याच्या मागून येतं. पेरांवर मोजलं की घड्याळ बघावं लागत नाही."

"कोण शिकवतं?"

"आमच्या ट्रेनिंगच्या मॅडम. बोलताना अडखळतात थोड्या, पण शिकवतात छान. मी त्यांना विचारलं होतं, वीसच का, दहा का नाही. तर म्हणाल्या, मला एक शब्द काढायला जास्तीत जास्त तेवढे लागतात."

मुलगी गेली आणि मी तशीच बसून राहिले. चादर वाळून गेली तरी काढली नाही. चौदा फोन. प्रत्येक वेळी ती विचारून थांबली होती. प्रत्येक वेळी मी चार मोजायच्या आत फोन ठेवला होता. आणि त्या दुपारी कपाटापुढं तिला काय म्हणायचं होतं ते मी ऐकलंच नव्हतं. तिच्या हातात पाण्याचा पेला दिला होता, आणि तिनं तो सवयीनं पिऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खिडकीला 'बंद'ची पाटी लावली आणि तिला फोन केला. वाढदिवस नाही, तारीख नाही, काही नाही. काचेबाहेर पाटीसमोर लगेच एक जण येऊन उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा.

तिनं उचलला. मी म्हटलं, "बरी आहेस ना?"

"ब... बरी आहे."

मी गप्प बसले. अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. पाचला काचेवर टकटक झाली. नऊला आणखी एक टकटक, बाहेर पाच-सहा जण जमले होते. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. वीस झाले. मी पहिल्या पेरावर परत आले आणि मोजत राहिले.

सव्वीसला ती म्हणाली, "म... म..."

माझ्या तोंडाशी दहा शब्द आले. मला काम आहे. मला राग आहे. माफ कर. मी जीभ दाताखाली धरली.

"म... मला एक वि... विचारायचंय."

"विचार."

"आईनं शेवटी मा... मा... माझी आठवण काढली होती का?"

एवढंच. सात वर्षं ती एवढंच विचारू पाहत होती. आणि सव्वीस वर्षं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणाऱ्या मला आवाज फुटेना. थोरली थांबली. तिनं 'हॅलो' म्हटलं नाही, 'आहेस का' म्हटलं नाही. तिचा अंगठा पेरांवरून सरकत असणार हे मला दिसत होतं.

"शेवटचे अकरा दिवस तिनं फक्त तुलाच हाक मारली," मी म्हटलं. "मी ओ द्यायचे. तुझ्या नावाचा. तिला वाटायचं, तू जवळ आहेस. मी तुला सांगितलं नाही. मला तुझा राग होता."

काचेबाहेरची टकटक थांबली होती. बाई रडतेय म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघत उभे होते.

"म्हणजे मी ह... ह..."

शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो तसाच राहू दिला.

"...होते तिथं."

"होतीस," मी म्हटलं.