ढालकिडे वगळून

माझ्या मावशीला किड्यांची इतकी किळस, की धान्य निवडताना एक अळी वळवळली तरी ती ताट टाकून उठायची. आणि पोटापाण्यासाठी नेमके किडेच तिच्या वाट्याला आले. संख्याशास्त्र शिकून ती एका पीक संशोधन केंद्रात लागली. गव्हावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, कधी पडेल, किती पडेल, हे संगणकावर आधीच सांगायचं, हे तिचं काम. ऑफिसात तिचं नाव पडलं मावामावशी.

"संगणकात किडे नसतात गं, आकडे असतात," असं आजीला सांगून ती रुजू झाली होती. पण आकडे काय आभाळातून पडतात? शेतातले पिवळे चिकट सापळे तिच्याच टेबलावर यायचे. त्यांवर चिकटलेले, अर्धमेले, पाय झाडणारे जीव ती नाकाला रुमाल लावून चिमट्याने मोजायची. त्या दिवशी डबा तसाच घरी यायचा.

तरी मॉडेल तिने जीव ओतून केलं. ऊन, वारा, दमटपणा, सापळ्यातला मावा आणि त्या माव्यावर जगणारे लाल, ठिपकेवाले ढालकिडे, सगळं त्यात होतं. ढालकिडे पुरेसे असले तर मावा आपोआप ओसरतो आणि फवारणी लागत नाही. तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

एका हंगामात मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. समोर फवारणीच्या औषधांच्या कंपनीचा माणूस पाय पसरून बसलेला.

"मॅडम, यंदा मावा वाढणार ना?" त्याने विचारलं.

"वाढेल आणि उतरेल. ढालकिडे भरपूर आहेत."

"मग त्यांना जरा बाजूला ठेवून आलेख काढा की."

"म्हणजे? शेतात आहेत ते!"

"शेतात असू द्या हो, आलेखात नकोत." पाहुणा खो खो हसला. मावशी उठून बाहेर आली.

तिने नकार दिला म्हणून काही अडलं नाही. शेजारच्या टेबलावर साखऱ्या बसायचा. तोंडाने गोड, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षं दोघं एकाच डब्यातून जेवलेले. त्याने दुपारभरात ढालकिडे काढून टाकले, आलेख डोंगरासारखा चढला आणि इशारा गावोगाव गेला. खाली नाव मावशीचं.

"तू नाही म्हणालीस तर दुसऱ्या कुणी केलंच असतं," साखऱ्या म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

फवारणी झाली. वास विरल्यावर मावशी शेतात गेली. ओळींमधली माती लाल दिसत होती. ढालकिडे उताणे पडले होते, काहींचे पाय अजून थरथरत होते. ती बांधाशी बसली आणि भडभडून ओकली. मग चिमटा पिशवीतच ठेवून तिने उघड्या हातांनी ते किडे ओंजळ ओंजळ भरून डब्यात घेतले. तो डबा साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी रिता केला.

"अहो, ही काय घाण!" साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"घाण किड्यांची नाही, साहेब."

तिची बदली कागदपत्रांच्या खोलीत झाली. खाणारे उरले नाहीत, त्यामुळे थोड्याच दिवसांत मावा दुपटीने उलटला. ओंब्या चिकट, काळ्या पडल्या. साहेबांनी हवामानाला दोष देऊन दुसरी फवारणी जाहीर केली. एका शेतकरीणबाईंनी मावशीला फोन करून तोंडाला येईल ते सुनावलं. मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाव माझं होतं. अंदाज माझा नव्हता, पण नाव माझं होतं." दुसऱ्या दिवशी तिने हेच शेतकऱ्यांच्या सभेत, साहेब व्यासपीठावर असताना, उभं राहून सांगितलं आणि राजीनामा देऊन घरी आली.

पुढच्या हंगामात साखऱ्या तिच्या दारी आला, हातात फळांची परडी. मावशीने दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"मॉडेल काही केल्या जुळत नाहीये. तू एकदा बघ ना. साहेब तुला मानाने परत घेतील."

"ढालकिडे परत घाल."

"ते... साहेब नको म्हणतात."

मावशीने दार लोटलं. तो जिना उतरल्याचं ऐकू आल्यावर ती स्पिरिटचा बोळा घेऊन बाहेर गेली, आणि त्याने दाबलेलं घंटीचं बटण घासघासून पुसू लागली.