चाचांच्या खिशावरचं लाल फूल

मला वाचवलं ते आमच्या लाँड्रीतल्या टेलरचाचांनी, हे आधीच सांगून टाकतो. कशातून वाचवलं ते मागाहून. मी मुळात घाबरट, सांगता सांगता माझी भीतीच पानभर पसरायची आणि उपकार करणारा बाजूला राहायचा. तर हे चाचा. गेलेल्या माणसांना इतकं अंगावर वागवणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. लोक मेलेल्यांचे फोटो भिंतीला टांगतात. चाचा त्यांना घालून फिरायचे.

कतारच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या दुकानात पुढे लाँड्री, मागच्या कोपऱ्यात चाचांचं शिलाई मशीन आणि मधे मी, इस्त्रीवर. चाचा श्रीवर्धनकडचे, मी महाडच्या बाजूचा. "म्हणजे शेजारीच की रे," असं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली अर्धी सुकट उचलली, आणि तेव्हापासून माझा डबा मी उघडण्याआधी त्यांनी उघडायचा असा नियमच झाला. त्यांचं अंग म्हणजे घराण्याचं कपाट होतं. वडील गेले त्या तारखेला मनगटावर वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ यायचं, आणि कुणी वेळ विचारली की चाचा इमानेइतबारे त्यात बघूनच सांगायचे. एकदा तर त्यांच्या भरवशावर शेठने भर दुपारीच शटर ओढलं होतं. सासऱ्यांच्या दिवशी सासऱ्यांचा पट्टा. सासरे जाडजूड आणि चाचा काडीसारखे, त्यामुळे तो पट्टा दोन वेढे घेऊनही शेपटासारखा लोंबायचा. थोरल्या बहिणीची आठवण नेमकी ऐन उन्हाळ्यात यायची, म्हणजे बाहेर इस्त्रीच्या वाफेसारखी हवा आणि चाचांच्या गळ्यात हिरवी ओढणी. एका फिलिपिनो बाईने विचारलं, "फॅशन?" चाचा म्हणाले, "सिस्टर. व्हेरी ओल्ड. व्हेरी गुड." बाईंना काय कळलं कोण जाणे, पण जाताना त्यांनी ओढणीला हात लावून बघितलं.

यातल्या एकाही कपड्याला ते मला इस्त्री करू द्यायचे नाहीत. मी एकदा ओढणी ओढायला गेलो तर कात्री घेऊन उभे राहिले. "ही घडी तिच्या हातची हाय. इस्त्री फिरवलीस की माणूस निघून जातो." दुकानात येणारा एक जण कधीतरी म्हणाला होता, चाचा, हे कशाला, दुवा मागा, पुरे झालं. त्यावर चाचा शांतपणे सुईत दोरा ओवत बोलले, "दुवा मागतोच. अल्लाला सगळं याद असतं रे. विसरभोळा मी हाय."

आता माझी गोष्ट. मी नववीत शाळा सोडली. वडिलांची पाठ गेली होती, धाकटी शिकत होती, आणि अठरा पुरी झाल्यावर गावातल्या एकाच्या ओळखीने मला हे काम लागलं. निघताना जो भेटला त्याने एकच सांगितलं: कतारला खसखस नेऊ नकोस, आत टाकतात. आईने अनारसे थापताना खसखशीऐवजी तीळ लावले. तरीही विमानतळावर बॅग मशीनमधून जाताना मी घामाने भिजलो होतो, कुठला तरी चुकार दाणा जुन्या डब्याच्या कडेला राहिला असेल म्हणून. त्या तिळाच्या अनारशांवरून मला कुणी काही विचारलं नाही. पण भीती मात्र माझ्याबरोबर देशात शिरली ती शिरलीच.

मग नोव्हेंबर आला. हवा जरा माणसात आली आणि एक इंग्रज मास्तर आपला काळा कोट टाकून गेले. कुठल्याशा शाळेत शिकवायचे, लाल कानांचे, फार हळू बोलणारे. कपडा मशीनला लावण्याआधी खिसे तपासायचे असतात, तसे मी तपासले, तर आतल्या खिशात एक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत ओंजळभर लाल फुलं. मधे काळा ठिपका, बाजूला हिरवं पान. कागदाची वाटत होती, पण अशी फुलं मी कधी पाहिली नव्हती, म्हणून फोनचा कॅमेरा धरून बघितलं. फोनने आधी इंग्रजीत सांगितलं पॉपी. मग मराठीत सांगितलं खसखस. आणि खाली, मी विचारलेलं नसताना, अफू.

खिशातलं सामान शेठकडे द्यायचा नियम होता. पण मी नवा, अजून पक्का झालेलो नव्हतो. शेठने पोलिसांना फोन केला तर ते आधी विचारणार, कुणाच्या हातात सापडलं? परत खिशात ठेवावं तर धुताना निघणार. कचऱ्यात टाकावं तर मास्तर मागणार. मला काहीच सुचेना, तेव्हा मी ती पिशवी माझ्या डब्याच्या वरच्या कप्प्यात कोंबली आणि इस्त्री करत राहिलो. दर वेळी दुकानाचं दार वाजलं की मला आईचा चेहरा दिसायचा, आणि मी आत गेल्यावर तिला हे कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार, हे.

जेवायच्या वेळी चाचांनी नियमाप्रमाणे माझा डबा उघडला. "आज बीट?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हातच धरला. "चाचा, बंद करा. खसखस आहे. अफू."

चाचांनी एक फूल काढलं. वास घेतला. मग माझ्या डोळ्यांदेखत त्याचा कोपरा दातांनी कुरतडला. "कागद हाय," ते म्हणाले, "आन् तुझ्या भाजीपेक्षा बरा लागतो." मी मटकन गोणपाटावर बसलो.

मग त्यांनी तो काळा कोट आणला आणि गळपट्टीवरची एक जागा मला बोटाने दाखवली. बारीकसं भोक होतं. "दर साली याच महिन्यात, याच जागी. किती गोऱ्यांचे कोट रफू केले मी. शेवटी एकाला विचारलं, काय टोचता हे? म्हणाला, लढाईत मेलेल्यांची आठवण. ज्या शेतात पडले तिथं ही फुलं आली म्हणे." आणि बोलता बोलता ते फूल चाचांच्या स्वतःच्या खिशावर चढलं होतं.

"तुम्ही कुणासाठी?" मी विचारलं.

चाचा हसले नाहीत. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ आगबोटीवर कोळसा टाकायला होता. लढाईत बोट बुडाली. "सगळ्यांचं काहीतरी हाय माझ्याकडे. त्याचंच नाय. भट्टीपुढे उघडाच असायचा ना. काय मागे ठेवणार?"

संध्याकाळी मास्तर कोट न्यायला आले तेव्हा मी कपड्यांच्या रांगेमागे उभा होतो. कागद असला तरी काय झालं, चोरी म्हणाले तर? चाचांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि मोडक्या हिंदीत, हातवारे करत म्हणाले, "हमारा लडका बहोत संभालके रखा था. अपने खाने के डब्बे में."

मास्तरांनी आधी पिशवी पाहिली, मग चाचांच्या खिशावरचं फूल. ते म्हणाले, यंदा मी घालावं की नाही हेच ठरत नाहीये. शाळेत काही जण म्हणतात हा नुसता देखावा झालाय. माझी बायको म्हणते, आठवायचं तर दोन्ही बाजूंचे मेलेले आठवा.

"तो मत पहनो," चाचा म्हणाले. "कोट दो. छेद बंद कर देता मैं, हमेशा का." आणि त्यांनी सुई काढलीसुद्धा.

मास्तर त्या भोकावर अंगठा ठेवून उभे राहिले. कोट काही त्यांनी पुढे केला नाही. तेव्हा चाचांनी, मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा आवाजात विचारलं, "साब, इसमें कोयलेवाला चलता है?"

मास्तरांना आधी कळलं नाही. चाचांनी आगबोट, आजोबांचा भाऊ, पाणी असं सगळं हातांनी करून दाखवलं. काउंटरवरून वाकून मास्तरांनी चाचांच्या खिशावरचं फूल काढलं, हिरवं पान जरासं वर वळवलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा नीट टोचलं. मग आपल्या कोटाच्या त्या भोकात एक लावलं. जाताना मला रांगेमागे बघून थँक यू म्हणाले. माझ्या अंगावरून जे ओझं उतरलं ते असं, की मी डब्याचा वरचा कप्पा धुतला आणि दुकान चालू असतानाच दुपारचं राहिलेलं उभ्याने जेवलो. चाचांनी त्यातलीही अर्धी भाजी खाल्ली.

गेल्या साली चाचांचे डोळे अधू झाले आणि ते कायमचे गावी गेले. बॅगेत स्वतःचा एखाददुसरा कपडा, बाकी सगळी गेलेली माणसं. फूल टोपीच्या आतून शिवून घेतलं होतं. जाताना त्यांनी आपलं अंगुस्तान, बोटात घालून शिवतात ते, माझ्या तळहातावर ठेवलं आणि दटावून म्हणाले, "आत्ता घालू नको हां. मी अजून हाय."

ते माझ्या पेटीत आहे, मी घातलेलं नाही, आणि पुष्कळ वर्षं घालावं लागू नये. परवा फोनवर मी म्हटलं, चाचा, सुट्टीत आलो की श्रीवर्धनला येतो, तुमचा ईदचा कुर्ता द्या, चांगली कडक इस्त्री करतो. मला वाटलं कात्री घेतील. पण म्हणाले, "माझ्या कुर्त्याला कर खुशाल. त्यातला माणूस इतक्यात निघायचा नाय."

येत्या सुट्टीत मी जाणार आहे. चाचा, तुमचं देणं मी असंच फेडणार, तुम्ही कुर्त्याच्या आत असतानाच.