पूजेतलं पिस्तूल

खुर्चीत बसण्याआधी शेठ शर्टाची मागची बाजू जरा वर करायचे, कमरेवर थाप मारायचे आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "छे! गाडीतच राहिलं!" मग आजूबाजूला बघायचे. 'काय राहिलं?' असं कोणीतरी विचारावं एवढीच त्यांची अपेक्षा असायची. नवखं गिऱ्हाईक विचारायचं. मी काही कधी विचारलं नाही.

काय राहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं. पिस्तूल. परवान्याचं, रीतसर. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे आणि समोरच पार्किंग. वरच्या मजल्यावरचे हे शेठ जमिनींच्या व्यवहारात वर आलेले. खराडीला आयटीवाले आले, तसा यांच्याकडे पैसा आला आणि पैशामागोमाग जिवाला धोका आला. हा धोका नेमका कोणाकडून आहे ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते माहीत नसावं. परवाना मिळाल्यावर त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. मुलगा झाल्यावर वाटतात तसे.

अडचण एकच होती. शेठचं पोट. पिस्तूल कमरेला लावलं की बसता येत नसे आणि बसल्याशिवाय शेठना राहता येत नसे. "टोचतं हो," ते मला म्हणायचे, "उभ्या माणसासाठी बनवलंय ते." त्यामुळे ते पिस्तूल कायम गाडीत. लग्नाला गेले, पिस्तूल गाडीत. देवळात गेले, पिस्तूल गाडीत. गॅरेजवर गाडी धुवायला दिली तरी किल्लीसकट पिस्तूल त्या परक्या पोऱ्याच्या हवाली. मी एकदा म्हटलं, "अहो शेठ, हल्ला करणाऱ्याला काय सांगणार? थांब जरा, पार्किंगमधून आलोच?" तर ते हसले. आपली टिंगल होते आहे हे समजायलासुद्धा थोडी बुद्धी लागते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गाडीचा नंबर, गळ्यातली साखळी आणि पिस्तूल, या तिन्हींचा उपयोग त्यांच्या लेखी एकच. आमच्या शेठचे डोळे तर इतके अधू होते की गाडी चालवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. दर वर्षी मी त्यांच्या भिंगाचा नंबर वाढवत होतो. पाच हातांवरचा माणूस ज्याला चष्म्याशिवाय ओळखू येत नाही, त्याच्या हातात सरकारने पिस्तूल दिलं होतं. ते गाडीत राहतं हेच बरं, असंही माझ्या मनात येऊन जाई. पण गाडीत राहणं आणि गाडीत सुरक्षित राहणं यात फरक आहे, आणि तो फरक शेठना शेवटपर्यंत कळला नाही.

गाडी चालवायचा गजानन. यवतमाळकडचा, किडकिडीत, कमी बोलणारा. तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न व्हायचं होतं. मुलीचा फोटो त्याने मला दाखवला होता, तोही चष्म्याची फ्रेम बघायच्या निमित्ताने. "तिले चष्मा आहे, काका. लग्नात चांगला पाहिजे जी." मी सोनेरी काड्यांची एक फ्रेम बाजूला काढून ठेवली होती.

खंडेनवमीला शेठनी गाडीची आणि पिस्तुलाची पूजा एकत्र मांडली. सगळी इमारत खाली बोलावली होती. पुढच्या सीटवर लाल कापड, त्यावर पिस्तूल, पिस्तुलाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गाडीला एक लांबच लांब हार, या खिडकीतून आत आणि त्या खिडकीतून बाहेर काढलेला. पूजा झाली, पेढे वाटले गेले, फोटो निघाले. लोक पांगू लागले तेव्हा गजानन हळूच म्हणाला, "शेठ, ते वर नेऊन ठेवा ना जी."

"पूजेतली वस्तू हलवतात का रे? उद्या दसऱ्याला उचलायची."

"मग काचा तरी लावू द्या."

"हार चेपेल ना! तुमच्याकडे काही पद्धत आहे की नाही?"

मी पेढा चघळत शेजारीच उभा होतो. म्हटलं, "शेठ, चोराला ही पद्धत माहीत असेल ना?" त्यावर चार माणसं हसली, त्यांत शेठही होते. आणि दोन्ही काचा उघड्या ठेवून, भरलेलं पिस्तूल सीटवर फुलं वाहून ठेवून, हा गृहस्थ वर पुरणपोळी खायला गेला.

दसऱ्याच्या सकाळी लाल कापड जागेवर होतं. झेंडूचं फूल जागेवर होतं. हार तर जरासुद्धा चेपला नव्हता.

आता खरं सांगायला काय हरकत होती? निष्काळजीपणा झाला, एवढंच. पण खरं सांगितलं तर परवाना जाणार. म्हणून शेठनी चौकीत जाऊन सांगितलं की पिस्तूल घरात कुलूपबंद कपाटात होतं, आणि गाडीची किल्ली न्यायला घरात येणारा माणूस एकच, ड्रायव्हर. गजाननला पोलिसांनी नेलं. इमारतीतल्या ज्या ज्या लोकांनी सीटवरच्या पिस्तुलाला नमस्कार केला होता, त्यांच्यापैकी एकालाही काही आठवेना. लिफ्टचा खर्च शेठनी केला होता ना! मला या माणसांचाही तितकाच तिटकारा आला.

मी चौकीत गेलो. शेठ तिथेच खुर्चीत बसले होते. बाकावर गजानन, मान खाली घालून. मी फौजदारांना सांगितलं, "पिस्तूल गाडीत होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

शेठ तडकले. "यांचं काय ऐकता साहेब? उगाच खार खातात माझ्यावर."

फौजदार शांत माणूस होता. त्याने चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग सहज विचारलं, "शेठ, एरवी तुम्ही ते कुठे ठेवता?"

"गाडीत!" शेठ म्हणाले. छाती पुढे काढून म्हणाले. वर्षानुवर्षांची सवय ती.

बशीत चहा ओतता ओतता फौजदाराचा हात थांबला. शेठना आपण काय बोललो ते कळायला तरीही थोडा वेळ लागलाच. संध्याकाळी गजानन सुटला. शेठच्या नावे नोटीस निघाली. पिस्तूल काही सापडलं नाही. या शहरात ते आज कोणाच्या तरी हातात असेल, आणि त्याचे डोळे शेठपेक्षा नक्कीच चांगले असतील.

गजानन पुन्हा कामावर आला याचं मला आश्चर्य वाटलं. "लगन तोंडावर आहे, काका," तो म्हणाला. पण खराडीत काम करणाऱ्या त्याच्या गाववाल्याने बातमी आधीच गावी पोचवली होती. पोराला पोलिसांनी नेलं, एवढीच. सुटल्याची बातमी कोण पोचवतो? मुलीचा बाप बिथरला. तेव्हा गजाननने त्याला शेठचाच नंबर दिला. म्हणाला, "मामाजी, माह्यावर विश्वास नसन तर मालकालेच विचारा. ते खरं सांगतीन."

तो फोन आला तेव्हा शेठ माझ्या दुकानात होते. त्यांचा चष्मा माझ्या हातात, काडी सैल झाली होती. गजानन बाहेर पायरीवर उभा होता. फोन कोणाचा ते शेठच्या पहिल्या दोन शब्दांतच त्याला कळलं आणि तो सावरून उभा राहिला.

"हो, माझ्याकडेच असतो... नाही, म्हणजे तसं नाही... चौकशी चालू आहे अजून. वकील म्हणतात, काही बोलू नका. मी काय सांगणार? तुमचं तुम्ही बघा."

फोन ठेवून ते माझ्या दिशेला बघू लागले. चष्म्याविना त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. "बरोबर बोललो ना? नोटिशीचं उत्तर जायचंय अजून. उगाच शब्दात अडकायला नको."

"शेठ, 'पोरगा चोर नाही' इतकंच म्हणायचं होतं," मी म्हटलं. "एवढ्या तीन शब्दांनाही तुम्हाला वकील लागला?"

मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि उलटा लावला, मग काढला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत त्या माणसाची मला त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली. आणि कीव आली म्हणून राग दुप्पट झाला.

गजानन आत आला. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने काउंटरवर ठेवली. शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. "येतो जी, काका," मला म्हणाला. फ्रेमचं त्याने काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

"अरे, कुठे चाललास? आपल्याला खराडीला जायचंय!" शेठ म्हणाले. तो गेटबाहेर पडून चौकाकडे वळला होता.

शेठनी किल्ली उचलली आणि पार्किंगमध्ये गेले. चिडलाय, चहा पिऊन येईल, असं त्यांना वाटलं असावं. नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून ते मागच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. दिवाळी जवळ आली होती. सोसायटीची माणसं आकाशकंदिलाची माळ बांधत होती, शिडी इकडून तिकडे नेत होती. गाडीत कोणी बसलंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकदा शेठनी काच खाली करून गेटकडे पाहिलं. एक मुलगा आत येत होता, किडकिडीत, त्याच उंचीचा. शेठनी घाईघाईने काच वर केली आणि सरळ होऊन बसले. तो दुसऱ्याच कोणाकडे आला होता. जिन्याने वर गेला.

मी दुकान बंद करून निघालो तेव्हाही ते तसेच बसलेले होते.