थर्मोस्टॅट काढून टाकणारे शहाणे

माझी पंधरा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आज भंगारात जाता जाता वाचली. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे वाचाच.

गेल्या महिन्यात नेरुळच्या एका गॅरेजवाल्याने तिचं कूलंट बदललं. तेव्हापासून ती पेट्रोल प्यायला लागली आणि पीयूसीत दोनदा नापास झाली. पीयूसीशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, आणि दुसरी गाडी मला परवडत नाही. त्याचं निदान: "मॅडम, इंजिन संपलं. विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो."

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, नव्हताच. तो नसला की इंजिन पुरेसं तापत नाही आणि जास्तीचं पेट्रोल जाळत राहतं. नवा आणून बसवला. दुपारी पीयूसी पास.

मग गॅरेजवर गेले. तो निवांतपणे म्हणाला, "अहो, ती थंड देशातली वस्तू. आपल्याकडे कशाला पाहिजे? सगळ्यांचीच काढतो मी."

तेव्हाही तो दुसऱ्या एका गाडीचा थर्मोस्टॅट काढत होता. गाडीचे मालक, एक काका, शेजारीच उभे होते. मी त्यांना दोन वाक्यांत सगळं समजावलं.

"तू काढ रे," काका त्याला म्हणाले. "यूट्यूब बघून आजकाल सगळेच इंजिनिअर होतात."

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे सांगायचीही इच्छा झाली नाही.

उद्या वीसेक मिनिटं चालवल्यावर तुमच्या गाडीचा तापमानाचा काटा बघा. तो खालीच पडून असेल, तर आठवून सांगा: तुम्हीही कुणाला "काढ रे" म्हणाला होतात का?