घंटा, मेणबत्ती आणि रोझामावशीचं दार

तिसऱ्या घराचं दारही आमच्या तोंडावर बंद झालं. आत टीव्ही चालू होता, तोही बंद झाला. ग्लेनने हातातली घंटा थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "मिस, आपण काय वर्गणी मागायला आलोय का?"

मुरुडच्या रस्त्यावरच्या एका छोट्या चर्चमध्ये मी युथ मिनिस्टर आहे. मिनिस्टर म्हटलं की लोक रेशनकार्डाची कामं घेऊन येतात, म्हणून आधीच सांगते, मंत्रिपदाशी काही संबंध नाही. मिनिस्ट्री म्हणजे सेवा. चर्चमधली तरुण मुलं गोळा करायची आणि वर्षभर त्यांच्याकडून काही ना काही चांगलं करून घ्यायचं, ही माझी नोकरी. पावसाळ्यात झाडं, गणपतीनंतर किनाऱ्याची सफाई, डिसेंबरात कॅरल, म्हणजे नाताळची गाणी. त्या वर्षी मी होम व्हिजिट सुरू केल्या. एकट्या किंवा आजारी म्हाताऱ्यांकडे दर रविवारी जायचं. एक गाणं, एक प्रार्थना, थोड्या गप्पा.

निमित्त रोझामावशीचं होतं. मांडीचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन चालायची. मुलगा एडविन मस्कतला. त्याचा मला फोन आला होता. "आई कोणाला घरात घेत नाय, मिस. कोणाचं येणंजाणं असेल तर ठीक, नायतर नाताळला आलो की पनवेलच्या आश्रमात ठेवतो." मावशीला घर सोडायचं नव्हतं, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. म्हणजे तिचं घर आमच्या व्हिजिटवर अवलंबून होतं, आणि नेमकं तिनेच सगळ्यात आधी दार लावून घेतलं होतं.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण नवलच जास्त वाटत होतं. हीच माणसं रविवारची मिसा, म्हणजे उपासना, संपल्यावर चर्चच्या पायरीवर मला गप्पांतून सोडत नाहीत. मग आजच काय झालं?

पुढचं दार उघडं होतं. आत पास्कूबाबा खाटेवर पडले होते. आम्हाला बघताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मोठमोठ्याने आपली पापं सांगायला सुरुवात केली. पहिल्या पापाला मुलं गंभीर झाली. दुसऱ्याला तोंड दाबून बाहेर पळाली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्यांची सून धावत आली.

"काय ओ मिस! पप्पांना नुसती सर्दी हाय. घंटा कशाला आणलीत?"

तिनेच सांगितलं तेव्हा उलगडा झाला. जुन्या काळी इथे माणूस शेवटच्या घटकेला आला की फादर त्याची पापांची कबुली ऐकायला आणि पवित्र भाकर द्यायला घरी जायचे. पुढे एक जण पांढऱ्या कपड्यांत, पेटती मेणबत्ती आणि घंटा घेऊन चालायचा. घंटा ऐकली की आळीने समजायचं, कोणीतरी चाललं. मी पुण्यात वाढलेली, मला हे कुठून माहीत असणार? पांढरे शर्ट माझी आयडिया, मेणबत्तीही माझीच. घंटा ग्लेनने चर्चच्या कपाटातून शोधून काढली होती, आम्ही आलोय हे लोकांना कळावं म्हणून. लोकांना ते चांगलंच कळलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही साध्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी गेलो. मी रोझामावशीचं दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी, मिस. आणि ग्लेन."

"घंटा हाय?"

"नाही मावशी."

"मेणबत्ती?"

"तीपण नाही."

वॉकर दारापर्यंत आल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, "मंग आणलंय काय?"

ग्लेन एका कारखान्यात अप्रेंटिस आहे, सकाळची शिफ्ट संपवून तसाच आला होता. तो वैतागून म्हणाला, "काय नाय आणलं, मावशी. भूक लागलीय जाम."

कडी निघाली. मावशीने माझ्यावर एक नजर टाकली, ग्लेनवर दोन टाकल्या, आणि वॉकर स्वयंपाकघराकडे वळवला.

"उभा काय ऱ्हायलास? कांदा चीर."

त्या दिवशी बोंबलाचं कालवण आणि पाव खाल्ला. प्रार्थना नंतर आठवली. पुढच्या रविवारी मुलं मासे घेऊन गेली आणि ते नीट साफ केले नाहीत म्हणून ओरडा खाऊन आली. मला मनापासून हायसं वाटलं. ओरडणारं माणूस घराला धरून असतं.

नाताळला एडविन आला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आई मुलांना पाटा धुवायला लावत होती. तो उंबऱ्यातच बसला. जाताना मी हळूच विचारलं, "आश्रमाचं काय ठरलं?"

"तिथे एवढ्यांचा स्वयंपाक कोण करू देणार तिला?" तो म्हणाला, आणि डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

ईस्टरनंतर वर्षाचा आढावा झाला. फादरनी विचारलं, "व्हिजिटमध्ये आपण म्हाताऱ्यांना नक्की देतो काय?"

"काही नाही, फादर. खाऊन येतो."

घंटा परत कपाटात गेली. मावशीने तिच्याबद्दल सांगून मात्र ठेवलंय. "माझ्या वेळेला ग्लेननंच वाजवायची. पण आधी मला इचारून."

आता नवीन मुलं आली की पहिल्याच मीटिंगला मी एकच सूचना देते. व्हिजिटला येताना घरून जेवून येऊ नका.