दहा फुटांवरची रिंग

फोन आला तेव्हा मी देवणीजवळ एका शेताच्या बांधावर उभा होतो. मी सरकारी मोजणीदार, जमिनी मोजतो. पलीकडून सुनीता बोलत होती, सरांची जुनी खेळाडू. "काका, सर गेले... ग्राऊंडवरच. मुलींना पळायला लावलं, खाली बसले, ते उठलेच न्हाईत." मी फोन खिशात ठेवला आणि हातातली मोजणी पूर्ण केली. का, ते सांगता येत नाही. एक बाजू राहिली होती, एवढंच. आज पाच आठवडे झाले. अजूनही पहाटे अर्धवट जागेपणी मला एक चेंडू दिसतो. वर जातो, हवेत थांबतो, खाली येतच नाही...

सर म्हणजे यशवंत लोखंडे, लातूरच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक. आम्ही दोघे मुदखेडचे, दोघांचे वडील रेल्वेत. लहानपणी बूड नसलेली बादली लिंबाला टांगून तो तासन्‌तास चेंडू टाकायचा आणि मी खाली बसून किती पडले ते मोजायचो. पुढेही तसंच झालं म्हणायचं. त्याच्याकडे निलंग्यापासूनच्या मुली एसटीने यायच्या. संध्याकाळी एकेकीला रेषेवर उभं करून तो डोळे मिटायला सांगे. "आधी चेंडू जाताना बघ. दिसला का? मग टाक." धूळ खाली बसेपर्यंत कुणी बोलत नसे. मिटल्या डोळ्यांनी टाकलेला चेंडू जाळीतून गेला की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. न बघता टाकणं मला पटत नसे. पण मी मोजले, तर दहातले सहा-सात आत जायचे.

ग्राऊंड काळ्या मातीचं. पावसाळ्यात खांब खचायचे, कलायचे, आणि रिंग तर बरोबर दहा फुटांवर हवी. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत तो मला बोलवायचा. मी शिडीवर, टेपचं खालचं टोक त्याच्या हातात. एक वर्ष असं आलं की तो अजून तासिका तत्त्वावरच होता, आणि नांदेडची स्पर्धा जिंकली तर कायम करू, असा शब्द संस्थेने दिला होता. दसऱ्याला मी रिंगा मोजून दिल्या. दिवाळीनंतर त्याने ग्राऊंडवर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि मला फोन केला. "पुन्हा मोजून जातोस का?" मी कामात होतो. म्हटलं, "अरे, लोखंडी खांब हाय. वाढतो का काय?" तो हसला. "हाव, ते बी खरंच."

नांदेडला पहिलाच सामना. आमच्या मुलींचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत होते. एक, दोन... नऊपर्यंत मी मोजले. मध्यंतरात यशवंत बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग मुलींना म्हणाला, "रिंगकडं बघू नका. तिच्यावर चार बोटं बघा अन् टाका." सुनीता तेव्हा कर्णधार होती. "सर, चारच का?" "सांगतो तेवढं कर गं, बाजारात आल्यासारखा भाव करू नको!" मुली सावरल्या, पण दोन गुणांनी हरल्या. स्पर्धा तिथेच संपली.

दोन दिवसांनी मी एकटाच टेप घेऊन लातूरच्या ग्राऊंडवर गेलो. रिंगा आधीच वर सरकवलेल्या होत्या. जुन्या नटांचे गंजके वण खाली दिसत होते. वणापासून नटापर्यंत मोजलं. चार बोटं. खांब वाढला नव्हता, मुरमाने जमीन वाढली होती, रिंग तेवढीच खाली आली होती, आणि जमीन मोजून पोट भरणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं.

संस्थेत विचारलं तेव्हा यशवंत एवढंच म्हणाला, "माझं चुकलं." कायम व्हायला पुढे तीन वर्षं लागली. नंतर त्याच्या मुलींनी इतके करंडक आणले की कपाट पुरेना. कुणी पोलिसात गेली, कुणी बँकेत. पण चूक माझी होती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. दर दसऱ्याला शिडी चढताना ठरवायचो, आज सांगायचं. वरून त्याची टाळू दिसायची, वर्षावर्षाने विरळ होत गेलेली... आणि मी फक्त आकडा सांगायचो. "दहा." "नक्की?" "नक्की." "मग उतर, चहा पिऊ."

मागच्या आठवड्यात मी महाविद्यालयात गेलो. आता संघ सुनीताकडे आहे. तिने क्रीडा विभागाची खोली उघडली. खुंटीवर त्याची शिटी होती, आणि भिंतीच्या कडेला एक लांब बांबू आडवा ठेवलेला, हात लागून लागून मध्यावर गुळगुळीत झालेला.

"हा कशाला?"

"सरांचा हाय, काका. नांदेडहून आलो अन् दुसऱ्याच दिवशी कापून आणला. रोज सकाळी रिंगखाली उभा करून बघायचे."

"रोज?"

"रोज. सुट्टीत बी."

मी टेप काढला. सुनीताने खाली वाकून टोक धरलं. बरोबर दहा फूट. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही.

"मग दरवर्षी मला बोलवायचा कशाला..."

"मी बी विचारलं होतं एकदा," सुनीता म्हणाली. "सर म्हणाले, बोलवावं लागतं गं त्याला. न्हाई बोलवलं तर त्याला वाटंल, मला कळलंय."

मी टेप गुंडाळला. गुंडाळायला जरा वेळ लागला. बांबू होता तसा भिंतीकडेला ठेवला. सुनीता दाराला कुलूप लावता लावता म्हणाली, "ह्या दसऱ्याला येताय ना, काका?"

"येतो," म्हटलं.